माउंटन अ‍ॅश बघायला निघण्यापूर्वी

युकॅलिप्टस रेग्नन्स, म्हणजे ऑस्ट्रेलियातला माउंटन अ‍ॅश, हा फुलझाडांमध्ये जगात सर्वांत उंच वाढणारा वृक्ष. टास्मानियातल्या ‘सेंच्युरियन’ नावाच्या झाडाची उंची २०१८च्या मोजणीत १०० मीटरच्या वर भरली. अडचणही याच उंचीची आहे: कळ्या, पानं, बोंडं सगळं साठ-सत्तर मीटर वर, आणि खाली उभं राहून दिसतं ते फक्त खोड. म्हणून सामान भरतानाच मान खाली घालून बघण्याची तयारी ठेवा.

आधी जागा ठरवा. हे झाड व्हिक्टोरिया आणि टास्मानिया सोडून नैसर्गिकरीत्या कुठेच नाही. मेलबर्नहून जाणाऱ्यांना हील्सव्हिलच्या पुढचा ब्लॅक स्पर किंवा टूलँगीचं जंगल एका दिवसात जमतं. नकाशावर साधारण २०० ते १००० मीटर उंचीचा पट्टा शोधा, वर्षाला १००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, खोल आणि निचऱ्याची माती, आणि उतार शक्यतो दक्षिणेकडे तोंड केलेला. भारतातून नुकते आलेले इथे हमखास चुकतात, कारण दक्षिण गोलार्धात सावलीचा आणि ओलाव्याचा उतार दक्षिणेचा असतो. होकायंत्र किंवा फोनमधलं कंपास लागतं ते यासाठी. त्याच पट्ट्यात वर गेलात की माउंटन अ‍ॅश संपून अल्पाइन अ‍ॅश हा दुसरा युकॅलिप्टस सुरू होतो, आणि दोघांची खोडं लांबून फसवतात.

ओळखीसाठी ८ × ४२ची दुर्बीण, १० पटीचं भिंग, पांढरा रुमाल आणि सेंटिमीटरची पट्टी एवढं पुरे. साल प्रथम बघा: बुंध्याशी काही मीटर, मोठ्या झाडाला पंधरा-वीस मीटरपर्यंतही, खरखरीत तंतुमय साल आणि त्यावर गुळगुळीत पांढरट-राखाडी खोड, शेंड्याकडे लोंबणाऱ्या सालीच्या लांब पट्ट्या. अल्पाइन अ‍ॅशची खरखरीत साल खोडाच्या निम्म्यापर्यंत चढते. मेसमेट या आणखी एका युकॅलिप्टसची तर फांद्यांपर्यंत. पण सालीवर निकाल देऊ नका. वाऱ्याने पडलेल्या डहाळ्या रुमालावर पसरा. पान लांबट, वाकडं, दोन्ही बाजूंनी सारखंच हिरवं चकचकीत आणि देठाशी दोन्ही कडा एका पातळीत न येणारं. खरी खूण कळ्यांची: पानाच्या बगलेतून कळ्यांचे झुबके जोडीने येतात. अल्पाइन अ‍ॅश आणि मेसमेटमध्ये तिथे एकच झुबका असतो. बोंडं शंकूसारखी, सेंटिमीटरपेक्षा लहान, बहुधा तीन झडपांची. डहाळी नेमकी कुठल्या झाडाची हे मात्र वर दुर्बीण लावून ताडून घ्या. मिश्र जंगलात शेजारच्याची डहाळी आपल्या झाडाखाली पडते आणि सगळी ओळख चुकते. राष्ट्रीय उद्यानातून डहाळी घरी नेता येत नाही. फोटो काढा, तिथेच ठेवा.

घेर मोजायला निदान दहा मीटरची टेप हवी, साध्या तीन मीटरच्या टेपने भागत नाही. चढाच्या बाजूने जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा आणि ३.१४ने भागा, म्हणजे व्यास मिळतो. उंची कोनमापकाने काढणार असाल तर लक्षात ठेवा, ७५ मीटरच्या झाडाला ५० मीटरवरून एका अंशाची चूक म्हणजे उंचीत जवळपास तीन मीटरचा फरक. शेंडा कललेला असेल तर चूक आणखी मोठी, म्हणून दोन बाजूंनी मोजा.

जंगलाचं वय वाचण्यासाठी दोन तारखा वहीत लिहून न्या: १३ जानेवारी १९३९ आणि ७ फेब्रुवारी २००९, दोन्ही मोठ्या वणव्यांच्या. इतर बऱ्याच युकॅलिप्टसना बुंध्यात जमिनीलगत गाठ असते, तिथून ते पुन्हा फुटतात. माउंटन अ‍ॅशला ती नाही. वणवा जोराचा झाला तर झाड मरतं, वरच्या बोंडांतलं बी राखेत पडतं आणि अख्खी नवी पिढी एकदम उगवते. म्हणूनच एका उतारावरची झाडं एकाच वयाची दिसतात. पुरेसं बी धरायला झाडाला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरा वणवा आला तर तिथे माउंटन अ‍ॅश उरतच नाही, बाभळीच्या कुळातली झाडं जागा घेतात. पोकळ्या असलेलं म्हातारं खोड दिसलं तर थांबा. ढोली तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात आणि लेडबीटर पोसम या झाडावर राहणाऱ्या छोट्या, दुर्मीळ प्राण्याला तीच हवी असते.

हंगाम मार्चअखेर ते एप्रिल बरा: वणव्याचा ताप उतरलेला, आणि थोडी फुलंही मिळतात. तरी निघण्याच्या सकाळी ‘विकइमर्जन्सी’ अ‍ॅपवर आगीचा धोका बघाच. ‘एक्स्ट्रीम’ किंवा ‘कॅटास्ट्रॉफिक’ असेल तर जाऊ नका. वारा जोराचा असेल तरीही नको, कारण वरून तुटणारी फांदी इशारा देत नाही. वाळलेल्या फांद्यांखाली डबा उघडून बसू नका. जळवा असतात, पँट मोज्यात खोचा. बुटांचे तळवे जाताना आणि येताना ब्रशने घासून धुवा, कारण फायटोफ्थोरा हा मूळ कुजवणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव चिखलाबरोबर प्रवास करतो. दऱ्यांत फोनला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि पेट्रोल हील्सव्हिललाच भरा. ब्लॅक स्परचा रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, फोटोसाठी कडेला गाडी लावायचा मोह नको. त्यासाठी फर्नशॉ आणि डॉम डॉम सॅडलची मैदानं आहेत.