ऑइल पंप बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

घाट चढून आलेली गाडी सिग्नलला उभी राहिली की लाल ऑइल लाइट मिणमिणते, रेस दिली की विझते. गॅरेजमधलं निदान तयारच असतं: "पंप गेलाय, बदलावा लागेल." पंपाचा दोष मात्र क्वचितच निघतो. मुळात पंप दाब बनवत नाही, तो ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटींतून जाताना ऑइलची अडवणूक होते, त्यातून दाब येतो. फटी झिजून रुंद झाल्या असतील तर कोरा पंप बसवूनही लाइट मिणमिणणारच.

तेव्हा गेज लावल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नका. ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचायचा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा, पण खरा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. थंड असताना दाब उत्तम आणि तापल्यावर कोसळतो, तर संशय बेअरिंगवर किंवा पातळ झालेल्या ऑइलवर. रेस वाढवूनही काटा चढत नाही, तर पंपाच्या तोंडाशी ऑइल गाळणारी जाळी तुंबलेली किंवा जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला. गेज बरोबर दाखवतोय आणि लाइट तरी लागते? स्विच बदला, स्वस्तात सुटलात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत. एखादा उंच स्पीडब्रेकर चेंबरला लागतो, पत्रा आत दबतो आणि जाळीच्या तोंडाखालची जागाच कमी होते. गळती नाही म्हणून कुणी खाली वाकून बघत नाही. दुसरा प्रकार माणसाच्या हातचा. चेंबर परत बसवताना सीलंटची जाड वळी फासली की बोल्ट आवळताना अर्धी वळी आत दबते, तुटते आणि ऑइलबरोबर थेट जाळीवर जाऊन बसते. बारीक, सलग एक धार पुरते. जाळीतून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या सक्शन पाइपचा ओ-रिंगही (रबरी सील) त्याच वेळी नवा टाका. तो कडक झाला की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. जास्त भरलेल्या ऑइलचंही तसंच: फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळतो आणि फेस होतो.

वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात फ्लश (आतला गाळ सोडवणारं द्रव) ओतणं म्हणजे आ बैल मुझे मार. सुटलेला काळा गाळ आधी जाळी गाठतो, आणि जाळीतून निसटलेली कच पंपातून जाते, कारण फिल्टर पंपाच्या नंतर येतो.

पातळ ५डब्ल्यू-३० ग्रेडच्या ऑइलच्या जागी घट्ट २०डब्ल्यू-५० भरून काटा वर चढवणं ही फसवणूक आहे, आणि बहुधा गाडी विकतानाच ती आठवते. थंड इंजिनात घट्ट ऑइल वर कॅमपर्यंत उशिरा पोचतं, जास्तीचं रिलीफ व्हॉल्व्हमधून परत फिरतं. मोठा पंप किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर, हेही त्याच माळेतलं: इंजिनाची ताकद जाते, ऑइल तापतं. कार्यक्षमता म्हणाल तर नव्या गाड्यांतले व्हेरिएबल पंप उलटं करतात, गरज नसेल तेव्हा कमी ऑइल फिरवतात.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नये. छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, अर्धवट राहतं, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

इतकं तपासून पंपच दोषी ठरला, तर बसवताना तो कोरडा ठेवू नका. पंपाचा फिरणारा रोटर आणि बॉडीमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, आत ऑइल भरून हाताने फिरवा. पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थोडं थोडं क्रँकिंग करा (स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवा), मध्ये स्टार्टरला दम द्या. ऑइल लाइट विझली की मगच फ्यूज लावून इंजिन सुरू करायचं.