फिल्म प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये ‘खूप शिकायला मिळालं’ लिहिताय? या चुका टाळा

‘दादा, उद्या सबमिशन आहे, जरा रिपोर्ट बघतोस का?’ हा मेसेज मला साधारण रात्री अकराच्या पुढे येतो. मास मीडिया करून मी आता अंधेरीत एडिटिंग करतो, त्यामुळे ज्युनिअर्सचा हक्काचा बकरा मीच. पीडीएफ उघडली की पहिल्या पानावर ठरलेलं: ‘या प्रोजेक्टमधून टीमवर्क शिकायला मिळालं. आम्ही फोर-के कॅमेरा, गिंबल, कॉलर माइक आणि डाविंची रिझॉल्व वापरलं.’

अरे, ही तर भाड्याच्या सामानाची पावती झाली. कॅमेरा कोणता होता हे परीक्षकाला फिल्ममध्ये दिसतंच. तुम्ही कुठे अडलात, का अडलात आणि त्यातून कसे सुटलात, हे त्याला वाचायचं असतं. शूटवर जी चूक ओळखता आली नाही, ती रिपोर्टमध्ये गुळमुळीत वाक्य होऊन बसते. आमच्याच एका वाक्याची गोष्ट सांगतो.

‘कमी प्रकाशामुळे क्वालिटी घसरली’

दुसऱ्या वर्षाची फिल्म आम्ही परळच्या एका चाळीत, मित्राच्या आजीच्या खोलीत शूट केली. हिरवट भिंत, एक जुनी ट्यूबलाइट, फोनवर शूटिंग. छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसलं. लॅपटॉपवर घेतलं तर आजीच्या मागच्या भिंतीवरून काळपट पट्टे हळूहळू वर सरकताहेत! रिपोर्टमध्ये आम्ही वरचं वाक्य ठोकून मोकळे झालो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी एवढंच विचारलं, ‘प्रकाश कमी होता, तर पट्टे का हलतात?’ चौघेही गप्प.

कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. आमचा फोन सेकंदाला ३० फ्रेम्सवर आणि ऑटो शटरवर होता, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश घ्यायचा ते फोनच ठरवत होता; त्याचा त्या तालाशी मेळ बसत नव्हता. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून तो फरक पट्ट्यांसारखा दिसतो. उपाय: २५ फ्रेम्स, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. फोनच्या ॲपमध्ये शटर हाताने ठरवता येत नसेल, तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट मिळतं. आणि पहिला सीन लावण्याआधी दहा सेकंदांचा टेस्ट शॉट मोठ्या स्क्रीनवर बघाच. स्वस्त एलईडी बल्बही असाच दगा देतात, तिथे शटर थोडं मागेपुढे करून बघावं लागतं.

आता तुमच्याकडे असं झालं, तर रिपोर्टमध्ये: ‘ट्यूबखाली पट्टे आले. कारण शटर आणि विजेची वारंवारता. दुसऱ्या दिवशी शटर १/५० केलं, पट्टे गेले. पहिल्या दिवसाचे दोन शॉट वाचवता आले नाहीत, म्हणून तिथे हातांचे क्लोजअप टाकले.’ चार ओळी. पण यात कौशल्यही आलं, तंत्रज्ञानही आलं आणि प्रामाणिकपणाही.

‘साउंडमध्ये काही तांत्रिक अडचणी आल्या’

या ‘काही’वर माझा विशेष राग आहे. कसल्या अडचणी? आवाज फाटला, ओठांपासून सुटला, की मागे घरघर आली? प्रत्येकाचं औषध वेगळं.

फाटला असेल तर लेव्हल शून्य डेसिबलला, म्हणजे मीटरच्या अगदी वरच्या टोकाला, टेकली होती. तो आवाज नीट परत येत नाही. बोलणं साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे कोणी अचानक ओरडलं तरी जागा उरते.

सुरुवातीला जुळलेला आवाज दहाव्या मिनिटाला ओठांच्या मागेपुढे जात असेल, तर संशयित फोनच. बरेच फोन फ्रेम्सचा वेग एकसारखा ठेवत नाहीत, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर त्यात गोंधळतं. एडिटला बसण्याआधी क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टर सॉफ्टवेअरमधून काढा आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेत असाल तर टेकच्या सुरुवातीला आणि शेवटीही टाळी द्या. दोन टाळ्यांमुळे आवाज किती सरकला ते लगेच कळतं.

घरात शूट करताना पंखा सगळे बंद करतात, फ्रीज विसरतात. आम्ही तो बंद केला आणि परत चालू करायला विसरलो. आजीचं दूध नासलं. तेव्हापासून मी रेल्वेचा पास फ्रीजमध्ये ठेवतो. पासाशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रीज आठवतोच. निघण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून खोलीचा तीस सेकंदांचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. कट लपवायला तोच कामी येतो.

समुद्र कोणासाठी थांबत नाही

दादर चौपाटीवरचा सीन हमखास असतो, आणि कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, तिथेच हमखास बोंबलते. सकाळच्या वाइड शॉटमध्ये ऐसपैस वाळू, दुपारच्या क्लोजअपमध्ये पाठीमागे थेट पाणी. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती जवळपास ५० मिनिटं उशिरा येते. ‘उद्या याच वेळी उरलेलं करू’ म्हणण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा.

मराठी सबटायटल्स

‘शक्ती’चा ‘शक्‌ती’ झाला, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली, तर प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. सबटायटल्सची वेगळी एसआरटी फाइल देत असाल तर ती सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं.

रिपोर्ट शेवटच्या रात्री आठवून लिहिणं

आठवणीतून लिहिलं की सगळ्या चुका मिळून ‘अनुभव’ होतात. रोज पॅकअपनंतर परतीच्या लोकलमध्ये फोनवर तीन ओळी टिपा: काय बिघडलं, काय करून पाहिलं, काय चाललं. कोणी केलं त्याचं नावही लिहा. ‘आम्ही’च्या आड लपलेला चौथा मेंबर व्हायवाला सापडतोच.

एक राहिलं. फायनल फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल आणि जागा तर भरपूर दिसत असेल, तर ड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असणार. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून घ्या. आणि फिल्म एकदा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लावून बघा, आदल्या दिवशी.