वळिवाआधी घरच्या फोन सर्व्हरची तपासणी

मोंढ्यातली आडत असो की तालुक्याच्या गावचा दवाखाना, लोकांच्या वहीत वर्षानुवर्षं लिहिलेला लँडलाइनचा नंबर कुणी सोडत नाही. तो नंबर ॲस्टरिस्क या फोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर घेऊन दुकानात, घरात, माडीवर फोन वाटून दिले की काम छान चालतं. बिघडलं की मात्र पहिला आळ सर्व्हरला लाइन जोडणाऱ्या कार्डावर येतो आणि जुन्या बाजारात दुसरं कार्ड शोधणं सुरू होतं. आमचं म्हणणं, कार्डाची पाळी सगळ्यात शेवटी. आधी बाहेरून येणारी दोन तारांची जोडी, मग वीज आणि अर्थिंग, मग सेटिंग, आणि त्यातूनही दोष उरला तर कार्ड. होळी झाली की हे उरकून घ्यावं. विजा कडाडायला लागल्यावर जुना दोष कोणता आणि कालच्या विजेने काय गेलं, याचा मेळ लागत नाही.

हाताशी डिजिटल मल्टीमीटर हवा आणि ॲडॉप्टर न लागणारा साधा तारेचा फोन हवा. कॉर्डलेस नको, त्याची स्वतःची खरखर लाइनच्या खरखरीत मिसळते. आरजे-११ च्या दहा-बारा नव्या पिना, क्रिम्पिंग टूल, दोन मीटर तयार कॉर्ड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा जादा ॲडॉप्टर, आणि सर्व्हर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर असेल तर ५ व्होल्ट ३ ॲम्पिअरचाही एक. शिवाय एक वही. आठवडाभर प्रत्येक तक्रार वेळेसह त्यात लिहावी. खरखर शेतीपंपांची वीज आल्यावरच होते की दुपारच्या उन्हात, हे वहीशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

आता सर्व्हर सोडवून तारेचा फोन थेट रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या लाइनच्या डबीला लावा. त्याआधी रोझेट उघडून बघा. आत मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी किंवा हिरवट गंज सापडला तर अर्धं काम तिथेच होतं. तांब्याच्या जोडीवर फोन ठेवलेला असताना ४८ ते ५२ व्होल्ट डीसी दिसतात, उचलल्यावर साधारण ६ ते १० वर उतरतात. ठेवलेल्या फोनवरही आकडा खाली-वर होत राहिला तर कुठेतरी ओल किंवा सैल सांधा आहे. फोन उचलून मीटर मालिकेत लावा. प्रवाह २० मिलिॲम्पिअरच्या खाली असेल तर लाइन फार लांबची आहे किंवा सांधा खराब आहे, आणि अशा लाइनवर चांगलं कार्डही अडखळतं. मग कोणताही एकच आकडा दाबून डायलटोन तोडा आणि गप्प ऐका. खरखर असेल तर दोष बाहेरचा, तक्रार नोंदवा आणि सर्व्हरला हात लावू नका. घंटी वाजताना जोडीवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो, तेव्हा उघड्या तारेला बोट लावू नये.

फायबर आलेल्या घरात ही सगळी कामं ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे संपते त्या पेटीच्या फोन पोर्टवर करायची, कारण एक्स्चेंजच्या जागी आता तोच आहे. तिथे व्होल्टेज थोडं कमी दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. तांब्याला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा आधार होता. ओएनटी घरची लाइट गेली की बंद. म्हणून त्याला स्वतंत्र १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस हवाच.

वीज हा इकडचा खरा विषय. गावठाण आणि शेतीपंप एकाच रोहित्रावर असले तर पंप सुरू होताच घरातले २३० व्होल्ट १८० किंवा त्याखाली येतात. पंख्याचा वेग कमी झालेला दिसतो, पण सर्व्हर गुपचूप रिस्टार्ट झालेला दिसत नाही. लोक म्हणतात, लाइन गेली. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर बॅटरीवर जायला वेळ जास्त लागतो आणि तेवढ्यात संगणकाचा जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दम सोडतो. पण यूपीएसवर ठेवलं की इन्व्हर्टर १८०च्या आसपासच बॅटरीवर जातो आणि रोज तासन्‌तास व्होल्टेज कमी असेल तर बॅटरी रिकामी होते. तिथे इन्व्हर्टरआधी स्टॅबिलायझर घाला, नाहीतर सर्व्हर आणि ओएनटीपुरती वेगळी सोय करा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर गुणगुण आली तर फोनला दोष देऊ नका.

अर्थिंगचं दुखणं उन्हाळ्यातच कळतं. काळी माती भेगाळली की इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते, आणि खाली मुरूम लागला असेल तर ओलही टिकत नाही. घरातला लोड चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्ट चालतात. पंधरा-वीस दिसले तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. खड्ड्यात पावसाळ्यापर्यंत दर आठवड्याला दोन घागरी पाणी टाकत राहा. लाइनवर लावायच्या सर्ज प्रोटेक्टरमधली गॅस ट्यूब २३० व्होल्टची घ्यावी. ४८ व्होल्ट डीसीवर घंटीचं शिखर चढलं की बेरीज दीडशेच्या पुढे जाते, त्यामुळे ९० व्होल्टची ट्यूब प्रत्येक घंटीला लाइन शॉर्ट करते. प्रोटेक्टरची अर्थ वायर घरच्या अर्थिंगलाच जोडा. वेगळा खिळा ठोकून दुसरी अर्थ केली तर वीज पडताना दोन अर्थमधला फरक नेमका कार्डातून वाहतो. सरकारी खर्चाने ठोकलेला जुना खिळा दारात असला तरी त्याचा मोह धरू नये.

इतकं झाल्यावर पेटी उघडा. डिजियमच्या टीडीएम४००पी कार्डावर लाल मॉड्यूल बाहेरच्या लाइनसाठी, हिरवं घरातल्या फोनसाठी. बाहेरची लाइन हिरव्यात कधीही खोचू नका. दोन्हीकडून व्होल्टेज येतं आणि मॉड्यूल जळतं. हिरव्याला हार्डडिस्कसारखी चार पिनांची १२ व्होल्टची वायर लागते. ती निघालेली असली की घरातले फोन मुके होतात, आणि धूळ झाडताना ती निघतेच. एसएमपीएसचे आणि मदरबोर्डचे कपॅसिटर फुगलेत का बघा. आवाज ठरावीक अंतराने तुटत असेल तर कार्डाच्या ड्रायव्हरबरोबर येणारी डाहडी-टेस्ट ही चाचणी चालवा, निकाल ९९.९७५ टक्क्यांच्या खाली असेल तर कार्ड डिस्क किंवा ग्राफिक्सबरोबर इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) वाटून घेतंय. स्लॉट बदला, बायोसमधून न लागणारे पोर्ट बंद करा. रास्पबेरी पायवर व्हीसीजेनसीएमडीचा गेट-थ्रॉटल्ड आदेश शून्याशिवाय काही दाखवत असेल तर ॲडॉप्टर किंवा केबल कमी पडतेय, नाहीतर पाय तापलाय. ८० अंशांवर तो स्वतःच वेग उतरवतो. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात हे रोजचं आहे.

सेटिंग एकदाच नीट करायचं असतं. ड्रायव्हरचा ऑपरमोड इंडिया, लोडझोन ‘इन’, आणि बाहेरच्या लाइनच्या एफएक्सओ पोर्टला सिग्नलिंग उलटं, म्हणजे एफएक्सएस-केएस. समोरच्याने फोन ठेवूनही लाइन अडकून राहते, कारण एक्स्चेंज त्या वेळी पोलॅरिटी (जोडीतलं अधिक-उणे) उलटवत नाही आणि कार्डाला बिझी टोन ओळखता येत नाही. बिझी-डिटेक्ट चालू करा, पॅटर्न ७५०,७५० आणि काउंट ४ ठेवा. काउंट २ ठेवला तर बोलता बोलता फोन तुटेल. कॉलरचा नंबर तांब्यावर अनेक ठिकाणी पहिल्या घंटीआधी डीटीएमएफने, म्हणजे आकडे दाबल्यावर येणाऱ्या सुरांनी येतो. तिथे सिग्नलिंग डीटीएमएफ आणि सुरुवात पोलॅरिटी-इन. फायबरवर हे बदलू शकतं, तेव्हा दोन्ही लावून बघा.

स्वतःचाच आवाज परत येत असेल तर ॲस्टरिस्क थांबवून कार्ड लाइनशी जुळवणारा एफएक्सओट्यून प्रोग्राम चालवा. त्याची फाइल रिस्टार्टनंतर ‘एस’ पर्यायाने पुन्हा लागू करावी लागते. हे राहून जातं आणि लोक म्हणतात, ट्यूनिंगचा उपयोग नाही.

सगळं जुळल्यावर डिस्कची किंवा मेमरी कार्डाची पूर्ण प्रत काढून कपाटात ठेवा, प्रत्येक कॉर्डला चिकटपट्टीवर नाव लिहा. इंटरनेटवरून आलेले परक्यांचे कॉल या लाइनवरून सार्वजनिक फोनवर सोडू नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. आभाळ भरून आलं की लाइनची पिन आणि विजेचा प्लग दोन्ही काढायचे, एक काढून भागत नाही. दवाखाना किंवा आडत असेल तर रोझेटजवळ दोन बाजूंचा टेलिफोन स्विच बसवा, एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला तो तारेचा फोन. सर्व्हर बंद पडला तर घरातलं कुणीही खटका दाबून लाइन चालू करू शकेल.