पाटा वाढवण्याआधी बुश बघा
काटोल-नरखेडच्या पांदण रस्त्यांवरून संत्री भरून नागपूरच्या कळमना बाजारात येणारी पिकअप मागून आदळायला लागली, की बरेच जण थेट मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा (पोलादी पट्टी) टाकून घेतात. थांबा. आधी शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे, बुश (आतल्या नळ्या) आणि शॉकअप (धक्के शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर) तपासा. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेलाच. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे जोडीने. नुसता पाटा वाढवला तर परतीच्या वाटेवर रिकामी गाडी उसळते, मागची चाकं पकड सोडतात. एक्सल, टायर, ब्रेकची ताकद मात्र तेवढीच राहते, म्हणून संत्र्यांचे कॅरेट वाढवू नका. पाटे उघडलेच, तर ते एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला, जुने ताणलेले असतात. सुमारे ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. हे मी कधीच चुकवत नाही.