यूएसबीची उपकरणं एकमेकांच्या आड येऊ लागली तर काय करावं

प्रिंटर लावला की माउस अडखळतो. एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली की वेबकॅम बंद पडतो. पेन ड्राइव्ह लावल्यावर आवाज येतो, पण ड्राइव्ह कुठेच दिसत नाही. अशी तक्रार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलं की बरेचदा एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल." माझं मत अगदी उलट आहे. यूएसबीच्या तक्रारीसाठी विंडोज नव्याने टाकणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. त्याआधी वीज, वायर, पोर्ट आणि ड्रायव्हर (विंडोजला उपकरण चालवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम) या चार गोष्टी घरच्या घरी तपासता येतात. त्यासाठी एक रिकामी दुपार आणि कागद-पेन पुरे.

यूएसबी १९९६ साली आलं. त्याआधी मोडेम, साउंड कार्ड, स्कॅनर यांची 'आयआरक्यू' नंबरवरून, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायला प्रत्येकाला लागणाऱ्या नंबरवरून, खरोखर मारामारी व्हायची आणि कार्डावरचे जंपर, म्हणजे पिनांवरच्या छोट्या टोप्या, बदलत बसावं लागायचं. यूएसबीत तो प्रश्न उरला नाही, एका कंट्रोलरवर १२७ पर्यंत उपकरणं मावतात. आता ओढाताण होते ती विजेवरून, वेगावरून, ड्राइव्हच्या अक्षरावरून (C:, D: वगैरे) आणि हवेतल्या रेडिओ लहरींवरून. तुमच्याकडे यातलं नेमकं काय घडतंय ते आधी शोधायचं.

आधी सगळं काढा

मुंबईच्या घरात सीपीयू टेबलाखालच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून सरकवलेला असतो आणि मागे वायरींचं जंजाळ. तो पुढे ओढा आणि मागच्या बाजूचा मोबाइलने फोटो काढा, म्हणजे कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत बसावं लागणार नाही.

हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढा. मग शिफ्टचं बटण दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक करा. साध्या शट डाउनमध्ये विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून बरीचशी जुनी स्थिती जपून ठेवतं. शिफ्ट धरल्यावर ते पूर्ण बंद होतं. बोर्डाचं बटण बंद करून प्लग काढा आणि सीपीयूचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा. आत उरलेला चार्ज निघून जातो, आणि अडकून बसलेला पोर्ट कधी कधी एवढ्यानेच सुटतो.

आता फक्त वायरचा कीबोर्ड आणि वायरचा माउस लावून कॉम्प्युटर सुरू करा. सगळं ठीक चाललं तर बाकीची उपकरणं एकेक करून जोडा. प्रत्येक उपकरण जोडल्यावर ते खरोखर वापरून बघा: प्रिंटरवर एक पान काढा, डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करा, कॅमेरा पाच मिनिटं चालू ठेवा. कोणतं उपकरण, कोणता पोर्ट, काय झालं, हे कागदावर लिहीत जा. एका वेळी एकच बदल करा. पोर्टही बदलला, वायरही बदलली आणि ड्रायव्हरही नवा टाकला, तर दुरुस्त झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तीच तक्रार पुन्हा आली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

विजेचा हिशेब

माझ्या पाहण्यात घरगुती तक्रारींचं मूळ बरेचदा इथेच सापडतं, म्हणून इथे घाई करू नका. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. आता एका पोर्टाचे चार करणारा तो चार तोंडांचा स्वस्त हब घ्या, ज्याला स्वतःचा अडॅप्टर नाही. तो २.० चा असेल तर कॉम्प्युटरकडून त्याला मिळणार ५०० आणि त्यात तो स्वतःही थोडी वीज खाणार. म्हणजे प्रत्येक तोंडाच्या वाट्याला नियमाप्रमाणे जेमतेम १०० मिलिअँपिअर येतात. कीबोर्ड-माउसला तेवढी चालते. खिशात मावणारी, वेगळा अडॅप्टर नसलेली हार्ड डिस्क मात्र फिरायला लागताना याच्या कितीतरी पट वीज मागते.

वीज कमी पडली की डिस्क टक्-टक् करते, तिचा दिवा लागतो आणि विझतो, विंडोजचा जोडल्याचा आणि काढल्याचा आवाज आळीपाळीने येत राहतो. त्याच हबवरचा कॅमेरा मध्येच जातो. अशा वेळी डिस्क ताबडतोब काढा, कारण लिहिता लिहिता वीज तुटली तर फाइल खराब होतात. मग ती हबवर न लावता थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच बसवलेले असतात, तर पुढचे आतल्या लांब वायरीने जोडलेले असतात आणि ती वायर किंवा तिचा जोड हलका असला तर पुढच्या पोर्टवर तक्रारी येतात. निळ्या रंगाचं तोंड बहुधा ३.० चं असतं. डिस्कसोबत आलेली आखूड वायरच वापरा. काही मोबाइलच्या वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही.

पोर्ट कमीच पडत असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. दुकानात खोका उघडून अडॅप्टर आत आहे ना ते बघा आणि त्यावर ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. एक हार्ड डिस्क आणि दोन-तीन किरकोळ उपकरणं चालवायची असतील तर किमान २ अँपिअर असावेत.

वायरलेस माउस अडखळत असेल तर

लोक सेल बदलतात, नवा माउस आणतात, तरी कर्सर उड्या मारतच राहतो. माउसचा डोंगल, म्हणजे पोर्टात लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर, कुठे लावलाय ते बघा. यूएसबी ३.० चा पोर्ट आणि त्याची वायर डेटा जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, आणि वायरलेस माउस-कीबोर्ड नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ सालीच हे मोजमाप करून प्रसिद्ध केलं होतं. म्हणून हार्ड डिस्कवर कॉपी चालू असतानाच माउस अडखळतो आणि कॉपी संपली की सुधारतो. डोंगल डिस्कपासून लांबच्या, शक्यतो २.० च्या पोर्टला लावा. त्याहून चांगलं म्हणजे हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलावर माउसजवळ आणा. फरक लगेच जाणवतो.

डिव्हाइस मॅनेजर वाचायला शिका

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. पिवळा त्रिकोण दिसेल त्यावर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. तो उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जाहिरातीत दिसणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं, तेव्हा आधी वायर आणि पोर्ट बदलून बघा.

वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडा. कोणतं उपकरण कोणत्या हबखाली लटकलंय याची वंशावळच समोर येते. दोन वेबकॅम एकाच हबखाली असतील आणि एकच चालत असेल तर कारण इथेच आहे: कॅमेरा वेगातला मोठा वाटा स्वतःसाठी राखून ठेवतो. दुसरा कॅमेरा वेगळ्या पोर्टवर न्या किंवा दोन्हींचं रिझोल्यूशन कमी करा.

त्याच मेनूतल्या 'शो हिडन डिव्हायसेस'ने पूर्वी जोडलेली उपकरणं फिकट रंगात दिसतात. ज्याची तक्रार आहे त्याच्याच फिकट नोंदींवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि उपकरण पुन्हा जोडा. सगळे यूएसबी कंट्रोलर एकदम काढू नका, कीबोर्ड-माउस जागच्या जागी मरतात आणि स्क्रीनकडे नुसतं बघत बसावं लागतं.

नुसताच आवाज येतो, ड्राइव्ह दिसत नाही

स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. पेन ड्राइव्ह तिथे असेल पण त्याला अक्षर नसेल, किंवा त्याचं अक्षर ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने घेतलेलं असेल, तर 'चेंज ड्राइव्ह लेटर' करून शेवटाकडचं एखादं अक्षर द्या. "फॉरमॅट करायचं का" किंवा 'इनिशिअलाइझ' असं काही विचारलं तर 'कॅन्सल' दाबा. लग्नाचे फोटो त्या एका क्लिकमध्ये अडकतात.

प्रिंटरचा गोंधळ वेगळा. तो दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज कधी कधी त्याला नवा प्रिंटर समजतं आणि यादीत 'कॉपी १' उभी राहते. तुम्ही प्रिंट देता जुन्याला, तो ऑफलाइन. जादा नोंद काढा आणि प्रिंटर कायम एकाच पोर्टला लावा, पोर्टशेजारी छोटं स्टिकर चिकटवा. जीएसटीसाठी डिजिटल सहीचे दोन टोकन वापरत असाल तर एका वेळी एकच लावा.

कॉम्प्युटर झोपेतून उठला की उपकरण गायब होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट'खालची वीज वाचवण्याची खूण काढा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही बंद करा. दोन्ही पर्याय प्रत्येक कॉम्प्युटरवर दिसतीलच असं नाही.

पावसाळा आणि खारी हवा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, तर पोर्टचे संपर्कबिंदू कसे सुटतील? समुद्राजवळच्या घरात तर बारा महिने त्रास. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, प्लग काढून, यूएसबी वायरच्या टोकाच्या धातूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी थोडा ओलसर कापूस फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. पोर्टात पिन किंवा सुई घालू नका, आतली जीभ तुटते. न वापरातल्या पोर्टांना रबरी झाकणं मिळतात, ती लावा.

पोर्ट गरम लागत असेल, जळका वास येत असेल, 'पॉवर सर्ज' असा संदेश येत असेल किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुढे काहीही करून बघू नका. प्लग काढा. झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. दुरुस्तीला नेताना त्रास देणारं उपकरण, त्याची वायर आणि तुम्ही लिहिलेला कागद सोबत न्या, आणि सीपीयू हातात देण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.