चाकाची रिम मध्यात आहे का, हे दाखवणारे गेज घरी कसे बनवावे

सायकलच्या चाकाचा आउट, म्हणजे फिरताना रिमचे डावी-उजवीकडे डुलणे, काढण्यासाठी घरगुती स्टँड कसा बनवावा, याविषयी सल्ले भरपूर मिळतात आणि त्यांतील बहुतेकांची सगळी शक्ती प्लायवूडचे दोन खांब समांतर कसे उभे करावेत, यातच खर्च होते. ते श्रम वाया जातात. सायकल उलटी ठेवावी, चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) किंवा मागच्या फ्रेमच्या दोन्ही पायांवर एकेक केबल टाय आवळावा आणि त्याचे शेपूट रिमला जेमतेम लागणार नाही इतके कापावे. आउट दाखवण्यापुरता स्टँड तयार झाला. हा स्टँड, आणि खरे तर महागडा स्टँडसुद्धा, एक गोष्ट खात्रीने दाखवत नाही: सरळ फिरणारी रिम हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन्ही लॉकनटांच्या, म्हणजे एक्सलवर (चाकाच्या आसावर) हबच्या दोन्ही टोकांना आवळलेल्या नटांच्या, बरोबर मध्ये आहे, की एका अंगाला सरकलेली आहे. त्यासाठी वेगळे गेज लागते.

चाक फ्रेममध्येच उलटे बसवून पाहावे, असे काही जण सांगतात. तत्त्व बरोबर आहे, परंतु एक्सल खाचेत दोन्ही वेळा सारखाच बसेल याची हमी कोणी देत नाही. १३० मिमी रुंदीच्या हबवर एक्सलचे एक टोक १ मिमी पुढे बसले, तर ६२२ मिमी व्यासाच्या रिमच्या कडेवर तोच फरक २ मिमीहून अधिक होतो. गेज थेट लॉकनटावर टेकते, त्यामुळे फ्रेमचा प्रश्नच उरत नाही.

सरळ रेषांच्या टणक लाकडाची सुमारे ७५ सेंमी लांब आणि ४० × ४० मिमी जाडीची पट्टी घ्यावी. हाताने दाबल्यावर जरासुद्धा वाकणारी पट्टी निरुपयोगी आहे. दोन्ही टोकांना ७० मिमी उंचीचे ठोकळे गोंद आणि स्क्रूने पक्के करावेत. त्यांच्या जागा टायर काढलेल्या रिमवर पट्टी आडवी ठेवूनच खुणाव्यात. दोन्ही पाय केसभरही कमीजास्त नकोत, हा आग्रह अनावश्यक आहे, कारण हे गेज लांबी मोजत नाही, फक्त दोन बाजूंची तुलना करते. पाय दोन्ही वेळा तेच आणि तितकेच उंच राहिले की झाले.

दोन्ही पायांच्या मधोमध पट्टीला उभे आरपार भोक पाडून त्यात १०० मिमी लांबीची धातूची नळी घट्ट सरकेल अशी बसवावी. सरळ सळई वापरण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही, कारण ती एक्सलच्या टोकावर टेकते आणि एक्सल दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर आलेला असतो असे नाही. नळीचा आतला व्यास ११ मिमीच्या आसपास असावा, म्हणजे एक्सल आत शिरतो आणि नळीची कड लॉकनटाच्या पृष्ठभागावर बसते. तिचे टोक काटकोनात कापून कानशीने साफ करावे. पट्टीच्या बाजूने एक भोक नळीपर्यंत नेऊन त्याच्या तोंडाशी नट ठोकून बसवावा. त्यातून आवळलेला बोल्ट नळीला जागच्या जागी धरून ठेवतो.

गेज बनवणे सोपे आहे, वाचणे अवघड; मलाही खरा त्रास इथेच झाला. आधी आउट काढलेला असलाच पाहिजे, नाहीतर पाय रिमच्या वाकड्या भागावर टेकतील आणि पुढचे सगळे वाचन खोटे ठरेल. एक्सलचे बाहेरचे नट किंवा क्विक रिलीजची दांडी काढावी. चाक आडवे ठेवून दोन्ही पाय रिमवर टेकवावेत, एक पाय व्हॉल्व्हच्या भोकाजवळ ठेवावा, नळी लॉकनटाला टेकेपर्यंत खाली सरकवून बोल्ट आवळावा. मग चाक उलटून, गेजचा तोच पाय व्हॉल्व्हजवळ ठेवून पुन्हा पाहावे.

दोन्ही पाय टेकले आणि नळी व लॉकनट यांच्यात फट राहिली, तर रिम या दुसऱ्या बाजूच्या लॉकनटाच्या जास्त जवळ आहे. रिम जितकी सरकवायची, ते अंतर फटीच्या निम्मे असते: फट ४ मिमी दिसली तर सरकवणे २ मिमी. हे निम्मे करायला विसरणारे लोक चाक या बाजूकडून त्या बाजूकडे ढकलत बसतात. उलट, नळी आधी टेकली आणि पट्टी तराजूच्या दांडीसारखी डुलू लागली, तर एक पाय दाबून दुसऱ्याखाली दिसणारी फट मोजण्याच्या फंदात पडूच नये. पट्टी मधल्या बिंदूवर तोललेली असल्यामुळे ती फट रिमच्या खऱ्या सरकण्याच्या चौपट असते. अशा वेळी नळी याच बाजूला नव्याने बसवून चाक पुन्हा उलटावे, म्हणजे फट हबपाशी येते आणि हिशेब सरळ राहतो.

रिम ज्या बाजूला न्यायची त्या बाजूच्या सर्व तारा पाव-पाव फेरा आवळाव्यात, आणि प्रत्येक फेरीनंतर गेज लावावे. मागच्या चाकात मात्र फ्रीव्हीलकडच्या (साखळीच्या बाजूच्या) तारा आधीच जास्त ताणलेल्या असतात. रिम तिकडे न्यायची असेल आणि त्या तारा कडक लागत असतील, तर विरुद्ध बाजूच्या तारा तेवढ्याच सैल कराव्यात. नळी आणि लॉकनट यांच्यातील फट १ मिमीच्या आत आली की थांबावे, आणि केबल टायच्या शेपटांकडे पाहत आउट पुन्हा एकदा तपासावा, कारण तारा हलवल्यावर तो थोडाफार परत येतोच.