तौलनिक साहित्य घेतलंय? मग या चुका टाळा

तौलनिक साहित्याच्या पदवीवर्गातल्या टर्म पेपरांचा गठ्ठा समोर आला की निम्म्या पेपरांचं पहिलं वाक्य न वाचताही सांगता येतं: ‘या दोन कलाकृतींमध्ये अनेक साम्यस्थळं आणि काही भेद आढळतात.’ आढळणारच! कुठल्याही दोन पुस्तकांत आढळतात. महाकाव्य आणि टेलिफोन डिरेक्टरी यांच्यातही आढळतील, दोन्हींत नावं भरपूर असतात.

विषयाच्या नावातच ‘तौलनिक’ असल्यामुळे नवख्यांना वाटतं की तुलना केली म्हणजे काम झालं. मग कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडे एक कादंबरी, उजवीकडे दुसरी आणि शेवटच्या पानावर ‘मानवी भावना सर्वत्र सारख्याच असतात’ हा निष्कर्ष. हा निष्कर्ष दोन्ही पुस्तकं न उघडताही काढता आला असता, मग एवढी शाई कशाला? रने एत्यांब्ल या फ्रेंच अभ्यासकाने १९६३ साली आपल्याच विद्याशाखेची झाडाझडती घेणारं पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकासाठी त्याने एक जुनी फ्रेंच म्हण उचलली होती. तुलना म्हणजे युक्तिवाद नव्हे, असा तिचा अर्थ. साठ वर्षं उलटून गेली तरी मधोमध रेघ मारणं काही थांबलेलं नाही.

विषय घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते: यातलं एक पुस्तक काढून घेतलं, तर दुसऱ्याबद्दलची कुठली गोष्ट तुला दिसणारच नाही? उत्तर आलं तर बसून बोलू. ‘पण मॅडम, दोन्हींत आई आहे’ एवढंच असेल तर विषय बदल. एकाच काळातल्या दोन कादंबऱ्यांत निवेदक अमुक गोष्ट लपवतो आणि तमुक सांगतो, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच लक्षात आलं असेल, तर ती तुलना कामाची.

याची सख्खी बहीण म्हणजे बादरायण संबंध. इथे कविता, तिथे कविता, दोन्हींत पाऊस, म्हणून ‘प्रभाव’! प्रभाव हा मोठा शब्द आहे, त्याला पुरावा लागतो. पुरावा कसा दिसतो ते पाहायचं असेल तर ‘शाकुंतला’ची वाट धरा. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने १७८९ मध्ये कालिदासाचं हे नाटक इंग्रजीत आणलं. त्याआधी स्वतःसाठी त्याने त्याचं लॅटिन केलं होतं. १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरने जोन्सच्या इंग्रजीवरून जर्मन अनुवाद केला. तो जर्मन महाकवी गटेने वाचला, भारावून जाऊन त्यावर चार ओळी लिहिल्या. त्याच्या ‘फाउस्ट’ या नाटकाच्या आरंभी नाटक मंडळीचा चालक, कवी आणि विदूषक यांचा जो प्रवेश आहे, त्याची कल्पना सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून सुचली असं अभ्यासक मानतात. इथे तारखा आहेत, अनुवाद आहेत, वाचल्याची कबुली आहे. आणि तरीही प्रश्न उरतोच: गटेवर प्रभाव कालिदासाचा, जोन्सचा की फोर्स्टरचा? लॅटिन, इंग्रजी, जर्मन अशी वळणं घेत आलेलं नाटक त्याच्या हाती पडलं होतं. खरा अभ्यास इथून सुरू होतो. आमची मंडळी मात्र इथवर येण्याआधीच निष्कर्ष लिहून मोकळी झालेली असतात.

सवय साधी आहे. ‘प्रभाव’ लिहायचा मोह झाला की समासात तीन गोष्टी लिहा: दुसऱ्याने पहिल्याचं वाचलं असणं शक्य होतं का, कुठल्या भाषेत, आणि कशावरून. एकही रकाना रिकामा राहिला तर शब्द खोडा आणि ‘समांतर’ म्हणा. त्यात कमीपणा नाही. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन साहित्यांत सारखा रूपबंध का उगवतो, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.

जाता जाता: अल्लाउद्दीनच्या दिव्याची गोष्ट ‘प्राचीन अरबी परंपरेचा नमुना’ म्हणून वापरण्याआधी थांबा. आंत्वान गालाँने फ्रेंचमध्ये आणलेल्या ‘अरबी रात्रीं’च्या, म्हणजे ‘अरेबियन नाइट्स’च्या, आधीचं तिचं एकही अरबी हस्तलिखित मिळालेलं नाही. हान्ना दियाब नावाच्या, सीरियातल्या आलेप्पोच्या माणसाने १७०९ मध्ये ती गालाँला पॅरिसमध्ये सांगितली होती.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक: अनुवाद वाचायचा आणि बोलायचं मूळ लेखकाच्या शैलीबद्दल.

एक विद्यार्थी होता, हुशार, वाचणारा, लिहिण्याची भाषाही नेटकी. त्याने टॉलस्टॉय आणि दोस्तोयेव्स्की यांच्या गद्यशैलीची तुलना केली. पानंच्या पानं उतारे. दोघांचीही वाक्यं कशी तोलून-मापून येतात, पात्र अगदी वेडंपिसं झालं तरी बोलणं कसं सभ्य राहतं, निवेदकाचा आवाज कसा एकसारखा शांत. यावरून त्याने एकोणिसाव्या शतकातल्या रशियन गद्याचा एक ‘समान स्वभाव’ सिद्ध केला होता. वाचताना मीही क्षणभर खूश झाले, कारण उदाहरणं खरोखर जुळत होती. मग संदर्भसूचीवर नजर गेली. दोन्ही कादंबऱ्यांच्या पुढे अनुवादक एकच: कॉन्स्टन्स गार्नेट.

गार्नेटबाईंनी रशियनमधून सुमारे सत्तर खंड इंग्रजीत आणले. ‘अ‍ॅना कॅरेनिना’ १९०१ मध्ये, ‘करामाझोव बंधू’ १९१२ मध्ये. इंग्रजी वाचकाला रशियन कादंबरीची ओळख मोठ्या प्रमाणावर त्यांनीच करून दिली, हे ऋण मोठं आहे. पण सगळे रशियन लेखक त्यांच्या इंग्रजीत एकाच आवाजात बोलतात, ही तक्रारही जुनीच. कवी जोसेफ ब्रॉडस्कीचा टोमणा तर प्रसिद्ध आहे: इंग्रजी वाचकांना टॉलस्टॉय आणि दोस्तोयेव्स्की वेगळे ओळखता येत नाहीत, कारण ते दोघांनाही न वाचता गार्नेटलाच वाचतात. आमच्या या पठ्ठ्याने नकळत गार्नेटबाईंच्या इंग्रजीवर एक उत्तम निबंध लिहिला होता, फक्त शीर्षक चुकलं होतं.

मी त्याला दुसऱ्या अनुवादकाची प्रत दिली आणि तेच उतारे शोधून काढायला सांगितलं. सभ्य वाटणारं बोलणं तिथे अडखळत, धापा टाकत आलं, आणि शांत निवेदक शांत राहिला नाही. निम्मा पेपर कोसळला. मुदत तोंडावर आलेली, त्यामुळे त्याने शैलीचा भाग कापला, कथानकाबद्दलचा ठेवला आणि बेताचे गुण घेतले. ‘शीर्षक बदल, अनुवादकावर लिही’ हा सल्ला त्याला पटला नाही. पटला असता तर वर्गातला सर्वांत चांगला पेपर झाला असता, हे मी आजही म्हणेन.

अनुवाद वाचण्यात पाप नाही. ही सगळी विद्याशाखा अनुवादांवर जगते, आणि ‘मूळ भाषेतच वाचा’ असा सोवळेपणा मिरवणारेही सगळंच मूळ भाषेत वाचत नाहीत. पण अनुवादावरून कशाबद्दल बोलता येतं याचं भान हवं. कथानकाची मांडणी, प्रसंगांचा क्रम, पात्रं, कोण सांगतंय आणि कुणाला, यावर बेलाशक लिहा. वाक्याची लांबी, लय, नाद, बोलीचा पोत यांवर मूळ न तपासता एक ओळही लिहू नका. माझ्या वहीत प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची पहिली ओळ ठरलेली असते: अनुवादक कोण, साल कोणतं, कुठल्या भाषेवरून. शेवटचा मुद्दा विसरू नका, कारण अनुवादाचा अनुवाद हा प्रकार वाटतो त्याहून खूप जास्त आहे. आणि जो उतारा उद्धृत करणार, त्याचे शक्यतो दोन अनुवाद शेजारी ठेवा.

यातूनच भाषेचा विषय निघतो. ‘भाषा शेवटच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांचं काय होतं ते सांगत बसत नाही. पहिल्या सेमिस्टरला सुरू करा, रोज अर्धं पान शब्दकोश घेऊन वाचा. सावकाश आणि कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट मला माहीत नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेऊन ‘मूळ वाचलं’ म्हणणाऱ्यांना मी फक्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगते. पुढचं आपोआप होतं.

संदर्भसूची रिकामी ठेवणाऱ्यांची एक आवडती ढाल आहे: जर्मन अभ्यासक एरिक आउअरबाख. नाझींमुळे जर्मनी सोडावी लागल्यावर त्याने ‘मिमेसिस’ हे पाश्चात्त्य साहित्यातल्या वास्तवचित्रणावरचं पुस्तक इस्तंबूलमध्ये लिहिलं, तिथे युरोपीय साहित्याच्या अभ्यासासाठी पुरेशी ग्रंथालयं नव्हती, आणि कदाचित त्यामुळेच पुस्तक होऊ शकलं असं त्यानेच म्हटलंय. १९४६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळं खरं. पण तो तिथे गेला तेव्हा रोमान्स (लॅटिनमधून निघालेल्या फ्रेंच, इटालियनसारख्या) भाषांचा मुरलेला अभ्यासक होता. ग्रंथालय नसलं तरी डोक्यात होतं. तुमच्याकडे ग्रंथालय आहे, ते वापरा.

एका कादंबरीवरून अख्ख्या देशाचा स्वभाव ठरवू नका. ३१ जानेवारी १८२७ रोजी गटेने त्याच्या गप्पा टिपून ठेवणाऱ्या एकरमानला विश्वसाहित्याचा काळ जवळ आल्याचं सांगितलं, ते वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच गप्पांत, गटे वाचत असलेली चिनी कादंबरी त्यांच्या उत्तमांपैकी असेल का, असं एकरमानने विचारलं. गटे म्हणाला, छे, अशा त्यांच्याकडे हजारो आहेत, आणि आपले पूर्वज जंगलात राहत होते तेव्हाही होत्या. हे वाक्य मात्र कुणी उद्धृत करत नाही.

कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना म्हणजे ‘कुठले प्रसंग गाळले’ याची यादी नव्हे.

सिद्धांतकारांची नावं पहिल्या परिच्छेदात पेरून पुढे त्यांचं काहीच न वापरणं हे हमखास पकडलं जातं. एकच सिद्धांत घ्या, त्याचा मूळ लेख वाचा, सारांशावर भागवू नका. ‘ही विद्याशाखा मेली आहे’ अशी सनसनाटी सुरुवातही नको. याच विद्याशाखेतल्या रने वेलेकने १९५८ मध्ये तिच्यावरच्या संकटाबद्दल भाषण दिलं, गायत्री चक्रवर्ती स्पिवाकने २००३ मध्ये पुस्तकाच्या नावातच तिचा मृत्यू जाहीर केला, आणि तरी दोघांनाही हवं होतं ते तिचं नूतनीकरणच. पुस्तकाचं नाव वाचून थांबलेले ओळखू येतात.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधिकेसाठी ‘तीन देश, चार भाषा, दीड शतक’ असले विषय आणू नका. दोन पुस्तकं, त्यातही शक्यतो एकेक प्रकरण. मार्गदर्शक दोन विभागांचे असतील तर पहिल्याच भेटीत दोघांना एकत्र बसवून संदर्भ द्यायची पद्धत, उतारे मूळ भाषेत द्यायचे की अनुवादात, आणि तळटिपेत काय जाणार, हे लेखी ठरवून घ्या. नाहीतर शेवटच्या आठवड्यात एक जण अनुवाद वर आणायला सांगेल आणि दुसरा खाली न्यायला.